विहिरीच्या पाण्याची रेघ

अरे, सरळ रेघ भल्याभल्यांना फसवते. मी तर ती स्वतःच्या हाताने काढली होती. बहात्तरचा दुष्काळ. मी सोलापुरात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. आमच्या गल्लीला विहीर एकच. रोज सकाळी दोरीला दगड बांधून मी तिचं पाणी मोजायचो आणि ग्राफपेपरवर ठिपका द्यायचो. महिन्याभरात सगळे ठिपके एका रेघेत बसले. मग मी पट्टी लावून ती रेघ पुढे वाढवली.

शेजारचा विणकर नरसय्या विचारायला आला, "सर, पोरीचं लगीन आत्ताच उरकू, का अक्षय तृतीयेला करू?"

मी कागद बघून ऐटीत म्हटलं, "अक्षय तृतीयेला करा की. त्यानंतरही आठवडाभर पाणी पुरतंय."

लग्नाच्या चार दिवस आधी विहीर आटली. घरचे सगळे पाण्यासाठी पांगले, आणि शेवटी नवरीच हळदीच्या अंगाने घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी नरसय्याला म्हटलं, "चुकलं माझं. पण रोजचा उपसा तेवढाच, मग शेवटी पाणी एवढं झपाट्यानं कसं उतरलं?"

"खाली लई निमुळती हाय की ती. गाळ काढायला मीच उतरलो हुतो."

"अहो, मग आधी बोलला का नाहीत?"

तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या रेघेला ठावं असंल."