नऊ थेंब

(दातांचा दवाखाना. शेवटचा रुग्ण गेला आहे. उंच खुर्चीत दंतवैद्यांची सात वर्षांची नात, शेजारी तिची आई, म्हणजे त्यांची मुलगी.)

आजोबा : चूळ भर, चिमणे.

नात : नको. पाणी कडू आहे.

आजोबा : अगं, नळाचं आहे. मीही तेच पितो.

नात : तुम्ही गपकन गिळत असाल.

आजोबा : असेन. दात मात्र मोत्यासारखे आहेत हिचे. एकाला कीड नाही.

आई : मग झालं तर, अप्पा. साखर दातांची वैरीण, हे तुम्हीच लहानपणी माझ्या मनावर कोरलंत. घरात तिचा कण येऊ दिला नाही मी.

आजोबा : आणि परवा ही शाळेत चक्कर येऊन पडली.

आई : ऊन फार होतं.

आजोबा : ऊन सगळ्या वर्गाला होतं. हिची बाटली घरी राहिली होती. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तोंड फिरवलं हिनं. काय असतं त्या बाटलीत?

नात : थेंब! आईच्या कारखान्यातले.

आई : कृत्रिम गोडीचे. साखर शून्य. रीतसर मान्यता आहे त्याला.

आजोबा : प्रमाणात घेतलं तर. इतक्या लहानपणापासून रोज घेतल्यावर पुढे काय होतं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण मला त्याहून जवळची भीती वाटते. दात वाचवता वाचवता आपण हिची तहान घालवली.

आई : पाण्याला चवच नसते, अप्पा. नसलेल्या चवीला ही कडू म्हणते.

आजोबा : नसणंही कडू लागावं, इतकी गोडी रचली आपण तिच्या जिभेवर. किती थेंब घालतेस?

आई : आधी दोन घालत होते.

आजोबा : आणि आता?

नात : नऊ. मी मोजते ना!

आजोबा : दोनाचे नऊ कुणी मागितले? तू?

नात : मी कशाला मागू?

आई : मी चाखून घालते. रोज चाळीस पेले माझ्या जिभेवरून जातात, मी होकार दिल्याशिवाय एक शीतपेय कारखान्याबाहेर पडत नाही. घरची एक बाटली मला कळणार नाही?

आजोबा : तुझ्या कसबाबद्दल बोललो नाही मी.

आई : फिकं लागायचं. म्हणून वाढवत गेले.

आजोबा : कुणाला फिकं लागायचं?

आई : उशीर झाला, अप्पा. निघतो आम्ही.

आजोबा : बरं, राहू दे. उद्यापासून आठ. पुढच्या आठवड्यात सात. चढलो तसे उतरू. चिमणे, ही सफरचंदाची फोड खा बघू.

नात : शी! कापूस चावल्यासारखं लागतं.

आजोबा : काहीतरीच! मधासारखं आहे. आत्ताच खाल्लं मी.

नात : आई सांगेल. तिचं कामच आहे ते.

आई : दे इकडे.

नात : गोड आहे?

आई : थांब हं. आणखी एक दे.

नात : आई, सांग ना! आहे का गोड?

आई : अप्पा… तुम्ही सांगा तिला.