लाखोळीची पाठवणी

आजी: नुसतं जागेश्वर एवढं सांगून या घरात भागत नाही. पुढे सांगा.

जागेश्वर: पुढं मंजे?

आजी: वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव. तीन पिढ्या.

अपेक्षा: आजी, ते कुत्र्याचं पिल्लू न्यायला आलेत. मुलगी बघायला नाही आलेत.

आजी: मुलीच्या वेळी दोन पिढ्यांवर भागतं, अपेक्षा. तिला सासरी काही सोसावं लागलं तर ती माहेरी येऊन तोंडाने सांगू शकते. मुक्या जिवाला ती सोय नाही. बोला हो तुम्ही.

जागेश्वर: सांगतो ना, आजी. मी जागेश्वर. माहा बाप हरबाजी. हरबाजीचा बाप देवाजी. देवाजीचा बाप सोमाजी. थ्याच्या पुढचं मायले विचारा लागन.

आजी: पुरे. पणज्यापर्यंत न अडखळता पोचलात. गेल्या आठवड्यातला तो पानठेलेवाला आजोबांच्या नावाशीच घाम पुसायला लागला होता.

अपेक्षा: पानठेलेवाला चांगला माणूस होता. त्याला आजोबांचं नाव माहीत होतं, तू काठी आपटलीस म्हणून विसरला.

आजी: काठीला घाबरणारा माणूस पिल्लाची राखण काय करणार? आणि त्याच्या आधी ती शिक्षिका. पहिलाच प्रश्न, जात कोणती? मी म्हटलं, साकोलीची. निघून गेली. बसा तुम्ही, उभे राहू नका. करता काय?

जागेश्वर: धान लावतो, आजी. दीड एकर हाय. बाकी नदीले पानी राह्यलं का मासोळी धरतो. घरी माय हाय, बेबीबाई. बायको हाय, आन पोरगी टीना, चौथीत हाय.

आजी: येणं कुठून झालं?

जागेश्वर: गोसीखुर्दकडून. दोन बस बदलवल्या.

आजी: एवढ्या लांबून? तुमच्याकडे कुत्री जन्मत नाहीत की काय?

जागेश्वर: जन्मतेत ना. पन ताईनं मोबाईलवर इडिओ टाकला होता. राइस मिलच्या कोंड्यात पाच पिल्लं भेटली, थ्याईची माय हायवेवर ट्रकखाली गेली, ताईनं बाटलीनं दूध पाजून वाचवली, चार लोकाईनं नेली, एक राह्यली. आमच्या टीनानं थो इडिओ मायले दाखवला. माय म्हने, हे लंगडी हाय, हिले कोनी नेनार नाई. तूच जाय आन घेऊन ये.

आजी: लंगडी म्हणायचं नाही. डावा मागचा पाय जरा आखूड आहे, एवढंच. नाव लाखोळी आहे.

जागेश्वर: लाखोरीच्या दाळीसारखा रंग हाय मनून?

आजी: डोळे आहेत म्हणायचे. अपेक्षा, यांना परसात ने. तिला काय दिसतं, यांना काय दिसतं, पाहू दे. घाई करू नका. ती आपणहून येईल तर येईल.

(जागेश्वर परसात जातो. अपेक्षा त्याला दार दाखवून परत येते.)

अपेक्षा: आता याच्यात काय खोट काढणार आहेस?

आजी: खोट मी काढत नाही. खोट असते, मी दाखवते.

अपेक्षा: चार पिल्लं दिलीस तेव्हा कोणाला पणजोबा नाही विचारलास. लाखांदूरच्या डॉक्टरांना तर तू चहाही न देता पिल्लू दिलंस. फक्त हिच्या वेळी तुझी काठी निघते.

आजी: ती चार धडधाकट होती.

अपेक्षा: खरं सांग ना. तुला ती द्यायची नाहीये.

आजी: आणि नसेल द्यायची, तर? हे घर माझं आहे. एका पिल्लाला इथे जागा होणार नाही?

अपेक्षा: होईल ना. आज होईल. आजी, रागावू नकोस. कुत्रं चौदा-पंधरा वर्षं जगतं. तू आता एकोणऐंशीची आहेस. मी जूनपासून परत नागपूरला. बाबा पुण्याहून येणार नाहीत. मग हिला परत कोणाच्या दारात न्यायचं? कोंड्यातून एकदा काढली ती पुरे आहे.

आजी: म्हातारीला तिचं वय ऐकवायला शिकलीस तू नागपुरात.

अपेक्षा: नाही. मला तूच शिकवलंस. पहिलं पिल्लू देताना तू म्हणालीस, आपण धर्मशाळा आहोत, घर नाही. धर्मशाळेने पाहुण्याला अडवून ठेवायचं नसतं.

आजी: वाट्टेल तेव्हा वाट्टेल ते लक्षात ठेवतेस. रात्री माझ्या पायाशी झोपते ती. पाय हलवला की उठून बघते, म्हातारी आहे की गेली. इतकं तुझ्या बापानेही कधी पाहिलं नाही.

अपेक्षा: माहीत आहे गं. म्हणूनच विचारते, तू गेल्यावर ती कोणाच्या पायाशी उठून बघेल?

आजी: बोलव त्याला आत. किती वेळ उन्हात उभा ठेवणार आहेस?

अपेक्षा: उभे नाहीयेत ते. खाली बसलेत आणि ती त्यांचा दुपट्टा फाडतेय. या हो भाऊ, आत या. तिला घेऊनच या.

जागेश्वर: हे घ्या. दुपट्ट्याचं एक टोक गेलं. राहू दे, दुसरं हाय.

आजी: हं. मांडीवर गेली म्हणून हुरळून जाऊ नका, ती पोस्टमनच्याही मांडीवर जाते. बांधून ठेवाल?

जागेश्वर: कायले? बांधाले ते का चोर हाय?

आजी: पोटाला काय घालाल? इथे दूधभात आणि वरणभात खाल्ला आहे तिने.

जागेश्वर: आमच्या इथं मासोळीभात भेटन.

आजी: शिव शिव.

अपेक्षा: आजी, ती खूश होईल.

आजी: होईलच. निमकहराम. बरं, डॉक्टरची सुई वेळच्या वेळी? आणि अपेक्षा म्हणते ते ऑपरेशन, पिल्लं न होण्याचं?

जागेश्वर: ताईनं फोनवर सांगतलं ना. पवनीले डॉक्टर हाय, नेईन मी. रस्त्यावर मराले पिल्लं कायले पैदा करा लागतेत?

आजी: आधी कुत्रं होतं का घरी?

जागेश्वर: होतं ना. आमच्या घरी कुत्र्याबिगर कोनी राह्यलंच नाई. जुन्या गावात धरनाचं पानी चढाले लागलं, तेव्हा सामान टरकात भरून नव्या गावठानात आलो. टरकवाल्यानं कुत्रे नाई घेतले. सारे कुत्रे तिथंच राह्यले, रिकाम्या घराईत. मंग माह्या आजानं डोंगा काढला. म्हातारा झाला होता, डोळ्याले दिसे नाई धड. मी पोट्टा होतो, समोर बसून वाट दाखवो. लोकाईचे कुत्रे डोंग्यात बसवून आनले थ्यानं. लोकं हासे. म्हने, मानसाईचा पैसा भेटून नाई राह्यला आन हा बुढा कुत्र्याईचं पुनर्वसन करून राह्यला.

आजी: चांगला माणूस.

जागेश्वर: चांगला तं होताच, पन डोकं जरासं असंच. कोनी पिल्लू मांगाले आलं ना, का म्हने, माह्याजवळ आता नाई, पन साकोलीले माह्यं एक पिल्लू ठेवून हाय. आमी पोट्टे थट्टा करो. आबा, मोठं झालं का तुमचं साकोलीचं पिल्लू? थो म्हने, थे मोठं होत नाई, थे ठेवलेलं हाय. काल ताईच्या इडिओत साकोली नाव आयकलं आन माय हासत सुटली. म्हने, जाय, आबाचं पिल्लू घेऊन ये.

अपेक्षा: आजी? काय झालं? पाणी देऊ?

आजी: काही नको. जागेश्वर, तुमचं जुनं गाव. त्याच्या घाटावर मोहाची दोन झाडं होती का? एक नदीकडे झुकलेलं?

जागेश्वर: होती ना. डोंगा झुकल्या झाडालेच बांधत होतो आमी. तुमाले कसं ठाऊक?

आजी: मी त्या गावच्या मास्तरांची सत्यवती. त्या झाडाखालून डोंग्यात बसून मी या घरी सून म्हणून आले.

अपेक्षा: तू म्हणायचीस, तुझं माहेर पाण्यात गेलं. ते हेच?

आजी: हेच. माझी एक कुत्री होती, वाघी. मी निघाले तेव्हा तिला खांबाला बांधून ठेवलं होतं. मागून तिने दोर तोडला आणि घाटावर जाऊन बसली. खाईना, पिईना. वडिलांनी मनधरणी केली, उठेना. शेवटी एका तरुण कोळ्याला ते पाहवलं नाही. त्याने तिला नदीपार केलं. एसटीत कंडक्टरने घेतलं नाही, म्हणून तो पायी निघाला. वाटेत मुक्काम करत, कुत्रीला कधी चालवत, कधी खांद्यावर घेत साकोलीला आला. या ओसरीवर. त्याचे पाय सुजले होते.

जागेश्वर: आबा?

आजी: देवाजी. माझ्या सासऱ्यांनी धोतरजोडी पुढे केली. त्याने हात लावला नाही. म्हणाला, हिला पिल्लं झाली तर एक माझं. पुढच्या वर्षी झाली. मी निरोप धाडला. त्याचं उलट उत्तर आलं, सध्या माझ्या घरीच कुत्री व्याली आहे. माझं पिल्लू तुमच्याकडे राहू द्या. माझ्या घरचं कोणी मागायला येईल, त्याला द्या.

अपेक्षा: आणि कोणी आलंच नाही?

आजी: नाही. पुढे धरण झालं. गाव उठलं. मी माणसं पाठवून विचारलं, कोणी म्हणे इकडे गेले, कोणी म्हणे तिकडे. नव्या गावांना जुनी नावं नव्हती. मला वाटलं, हे ओझं घेऊनच जायचं आहे.

जागेश्वर: आमी तं समजलो, बुढा गंमत करते.

आजी: तुझा आजा गंमत करणारा नव्हता. तो माझ्यावर विश्वास ठेवून गेला. कधी गेला रे?

जागेश्वर: नव्या गावठानात आलो, थ्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. आजी, तुमी मले आता तू म्हनून राह्यल्या.

आजी: माहेरच्या पोराला मी काय अहोजाहो करू? दे ती इकडे. थोडा वेळ दे. अपेक्षा, तिळाचं तेल बाटलीत भरून आण. आणि माझं जुनं लुगडं, मऊ झालेलं, तिला अंथरायला. ऐक जागेश्वर. थंडीत तिचा तो पाय आखडतो. निजण्यापूर्वी तेल लावायचं, वरून खाली, चोळायचं नाही. ढग गडगडले की ती माणसाच्या पायाशी येते. हाकलायचं नाही.

जागेश्वर: मायच्या पायाशी झोपन थे. माय एकटीच झोपते तसंबी.

आजी: मग ठीक आहे.

अपेक्षा: आजी, विचार कर. तुला नको असेल तर मी भाऊंना सांगते.

आजी: विचार करायला ती माझी कुठे आहे? मी इतके दिवस दुसऱ्याचं पिल्लू सांभाळत होते, मला ठाऊक नव्हतं इतकंच. ते पिशवीत काय आहे तुझ्या?

जागेश्वर: चिन्नोर हाय, घरचे. माय म्हने, कुत्र्याचं पिल्लू कोनाच्या घरून रिकाम्या हातानं नाई आनत. थोडे तांदूळ द्या लागते.

आजी: ज्याला पिल्लू फुकट मिळतं त्याने तांदूळ द्यावे. तुला फुकट मिळत नाही. ती पिशवी परत ने आणि त्यातलाच भात हिला पहिल्या दिवशी घाल. मासोळी दुसऱ्या दिवसापासून.

जागेश्वर: घालतो, आजी. तुमी येजा एकदा. मायले बरं वाटन. घाट नाई राह्यला, पन पानी दिसते.

आजी: येईन. अपेक्षा नेईल मला. घे, नीट धर, खालून हात दे. अशी. बेबीबाईला सांग, मास्तरांच्या सत्यवतीने देवाजीचं पिल्लू दिलं. बाकी काही राहिलं नाही.

जागेश्वर: सांगतो. हे मांगं पाहून राह्यली तुमाकडं.

आजी: पाहू दे. तू चाल. अपेक्षा, फाटक उघड.