न वाजणारा कम्प्युटर

सिल्व्हिओ : पण मी ऐकायचं नक्की काय?

क्लाइव्ह : काहीच नाही. तुला काहीच ऐकू आलं नाही की मी जिंकलो.

ग्लेनिस : आणि ऐकू आलं तर हा कम्प्युटरचा डबा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाणार. तसं ठरलंय आमचं. दुपारी मी या सोफ्यावर आडवी होते. आडवं झाल्यावर मला उशाशी गुणगुण नको.

सिल्व्हिओ : नवराबायकोच्या भांडणात मला कशाला ओढता? मी आपला अकॉर्डियन दुरुस्त करणारा माणूस.

क्लाइव्ह : म्हणूनच तर. सबंध इंगम गावात तुझ्यासारखा कान नाही. भात्याला टाचणीएवढं भोक पडलं, तरी तू रस्त्यापलीकडून सांगतोस.

सिल्व्हिओ : ते मात्र खरंय.

ग्लेनिस : शिवाय चार बाटल्या बिअरवर येणारा दुसरा न्यायाधीश मिळाला नाही.

क्लाइव्ह : शेडमध्ये गेला तर संपलंच. आधीचा तिथेच मेला. पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली त्याच्या.

ग्लेनिस : पालही मेली. तिचं कुणी नावसुद्धा काढत नाही.

क्लाइव्ह : आणि रविवारी टिलीशी बोलायचं ते काय शेडमध्ये बसून? एकुलती एक नात, ती पर्थला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आठवड्यातून एकदा दिसते. जुन्यावर तिचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, तोही पंख्याच्या घरघरीत बुडालेला. ती काय बोलते ते एक अक्षर कळायचं नाही मला. म्हणून म्हटलं, आता असा बनवायचा की वेगवानही हवा आणि मुकाही हवा. आणि वाजवी खर्चात.

ग्लेनिस : वाजवी खर्चाचं सांग की त्याला.

क्लाइव्ह : सांगतो ना. महागाचा प्रोसेसर मी घेतलाच नाही. स्वस्तातला घेतला आणि ओव्हरक्लॉक केला. म्हणजे कंपनीनं ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त पळवायचा.

सिल्व्हिओ : मग कंपनीनंच का नाही पळवला?

क्लाइव्ह : तापतो म्हणून.

सिल्व्हिओ : बरं.

क्लाइव्ह : तापतो म्हणून त्याच्यावर मोठा हीटसिंक बसवला, तांब्याच्या नळ्यांचा. तो मावेना म्हणून मोठं कॅबिनेट घेतलं. त्याला आतून जाड फोम आहे, आवाज दाबायला. फोममुळे आत उकडायला लागलं, म्हणून आणखी दोन पंखे लावले. मग पंख्यांचाच आवाज यायला लागला, म्हणून ते काढून शांत पंखे मागवले. मग त्यांच्याहून शांत.

ग्लेनिस : एवढ्यात महागाचा प्रोसेसर आला असता. वर पर्थची दोन तिकिटं आली असती.

क्लाइव्ह : काय म्हणालीस?

ग्लेनिस : म्हटलं, छान झालं.

क्लाइव्ह : आणि यावेळी पालींचा बंदोबस्त केलाय. मागच्या जाळीवर स्टॉकिंग ताणून बसवलं.

ग्लेनिस : माझं.

सिल्व्हिओ : मग हवा कुठून आत जाते?

क्लाइव्ह : हवा जरा कमी जाते. म्हणून तो जरा हळू चालवावा लागतो.

सिल्व्हिओ : किती हळू?

क्लाइव्ह : कंपनीनं ठरवून दिलंय त्यापेक्षा किंचित कमी.

सिल्व्हिओ : म्हणजे तू त्याला पळवलंस, आणि मग बसवलंस.

क्लाइव्ह : समतोल साधावा लागतो, बाबा. सगळे जाणकार हेच सांगतात.

सिल्व्हिओ : आणि यावर तू करतोस काय? रविवार सोडून?

ग्लेनिस : चाचणी घेतो. दिवसभर त्याला नुसते भागाकार घालतो, आणि तो चुकला नाही की खूश होतो. मग एक स्क्रू फिरवतो आणि पुन्हा भागाकार. आमच्या घरात एवढे भागाकार झालेत आणि एकाचंही उत्तर कुणाला नको होतं.

क्लाइव्ह : आता कुणी बोलू नका. चालू आहे तो. स्क्रीन मी मुद्दाम बंद ठेवलाय, त्याचीही एक कुणकुण असते. सिल्व्हिओ, ऐक.

सिल्व्हिओ : वाजतंय काहीतरी. खालच्या पट्टीत. मधेच थोडं हुंदकतंय.

क्लाइव्ह : तो फ्रिज. फ्रिज मोजायचा नाही.

सिल्व्हिओ : मी कसा न मोजू? कानाला थोडंच सांगता येतं, याला सोड आणि त्याला धर?

क्लाइव्ह : मग बंद करतो.

ग्लेनिस : त्यात कोळंबी आहे, क्लाइव्ह. उद्याची.

सिल्व्हिओ : माझी बिअरही त्यातच असेल.

क्लाइव्ह : दहा मिनिटांनी कोळंबीला काही होत नाही. त्याचा प्लग मागे अडकलाय, गेल्या खेपेला फ्रिज सरकवला तेव्हा माझी कंबर धरली. बाहेर मीटरबॉक्समधूनच बंद करून येतो. तुम्ही तोवर कान निववा.

(क्लाइव्ह बाहेर जातो. थोड्या वेळानं फ्रिज एक उसासा टाकून गप्प होतो.)

सिल्व्हिओ : हा हल्ली एवढ्या मोठ्यानं का बोलतो गं?

ग्लेनिस : कम्प्युटरच्या आवाजावर बोलावं लागतं म्हणतो. बागेतही तसाच बोलतो. पोपट उडून जातात. टाउन्सव्हिलच्या कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता मी, तर गेलाच नाही. म्हणाला, पंखा मिनिटाला सहाशे फिरतोय की सातशे हे मला पलीकडच्या खोलीतून कळतं, मला कसला डॉक्टर दाखवतेस.

सिल्व्हिओ : कळतं का खरंच?

ग्लेनिस : आकडा स्क्रीनवर येतो, सिल्व्हिओ.

सिल्व्हिओ : आणि रविवारी?

ग्लेनिस : रविवारी अर्धा तास आधी दाढी करून बसतो. टिली बोलायला लागली की दोन मिनिटं कान देतो, मग कॅबिनेटला एक चापट मारतो आणि म्हणतो, हा पंखा बदलायला हवा. गेल्या उन्हाळ्यापासून ती पोरगी आजोबांची पाठच बघतेय.

क्लाइव्ह : झालं. आता ऐक.

सिल्व्हिओ : डोक्यावरचा पंखा.

ग्लेनिस : डिसेंबर आहे, ऐन उन्हाळा. तो बंद केला तर आपण तिघं आंबू.

क्लाइव्ह : पाच मिनिटं, ग्लेनिस. नातीसाठी.

ग्लेनिस : कर बाबा.

सिल्व्हिओ : घड्याळ.

क्लाइव्ह : सेल काढला. आता?

सिल्व्हिओ : बाहेर किडे किर्र करतायत.

क्लाइव्ह : खिडक्यांच्या सगळ्या काचेच्या पट्ट्या मिटतो. आता?

सिल्व्हिओ : लांबवर एक मोटर. एकसुरी. तुझी नसावी, पण तुझी आहे असं कुणी म्हणालं तर मला नाही म्हणता येणार नाही.

क्लाइव्ह : शेजारच्या डेबीच्या पोहण्याच्या तलावाचा पंप. थांब, फोन लावतो तिला... केला बंद. विचारत होती, तुमच्याकडे कोण गेलं.

ग्लेनिस : तिला सांग, अजून कुणी नाही.

क्लाइव्ह : शू. आता ऐका दोघंही. ग्लेनिस, तू आडवी हो, दुपारी होतेस तशी.

सिल्व्हिओ : ...

ग्लेनिस : ...

सिल्व्हिओ : क्लाइव्ह, मानलं तुला. काही म्हणजे काही नाही. चर्चमध्येसुद्धा एवढं काही नाही नसतं.

ग्लेनिस : मलाही येत नाही ऐकू. शब्द म्हणजे शब्द. राहू दे इथेच तुझा डबा. आता ती खिडकी उघड.

क्लाइव्ह : थांबा. आहे.

ग्लेनिस : काय आहे?

क्लाइव्ह : आवाज. बारीक. नीट ऐका.

सिल्व्हिओ : अरे, निकाल तुझ्या बाजूनं लागलाय.

क्लाइव्ह : निकाल चुकलाय. मला स्वच्छ ऐकू येतोय, आजवर कधी नव्हता इतका स्वच्छ. कॉइलची शिट्टी असणार. पॉवर सप्लाय बदलावा लागेल.

ग्लेनिस : जिंकलेला माणूस अपील करतोय.

सिल्व्हिओ : कसा वाजतो? तोंडानं काढून दाखव.

क्लाइव्ह : ईईईई. असा.

सिल्व्हिओ : एवढा वर? अकॉर्डियनचं शेवटचं बटण संपल्यावरही बरंच पुढे जावं लागेल. एवढा वरचा सूर या खोलीत असता तर माझे दात शिवशिवले असते.

क्लाइव्ह : झाकण उघडतो. हे बघ, इथे कान लावला तरी येतो. आणि इथे, खुर्चीपाशी, तेवढाच. स्वयंपाकघरातही तेवढाच. ग्लेनिस, मी पार मागच्या दारापर्यंत आलो, इथेही तेवढाच. काय लांब पोचतो बघ.

सिल्व्हिओ : इकडे ये जरा. या तांब्याच्या नळ्यांना हात लावलाय मी. गार आहेत.

क्लाइव्ह : असणारच. तीच तर खुबी आहे त्या हीटसिंकची.

सिल्व्हिओ : नाही रे, विहिरीत ठेवल्यासारखा गार आहे. आणि पंखे फिरत नाहीयेत.

क्लाइव्ह : अगदी हळू फिरतात. डोळ्यांना कळतही नाही.

ग्लेनिस : क्लाइव्ह, मीटरबॉक्समधला कुठला खटका पाडलास?

क्लाइव्ह : फ्रिजचा.

ग्लेनिस : एकट्या फ्रिजचा खटका आहे का या घरात?

क्लाइव्ह : प्लगांचा. सगळ्या प्लगांचा एकच आहे.

ग्लेनिस : आणि हा कशावर चालतो?

क्लाइव्ह : छताचा पंखा तर फिरत होता.

ग्लेनिस : तो दिव्यांच्या लाइनवर आहे. याला एखादा दिवा असता तर कळलं तरी असतं.

क्लाइव्ह : दिवे मी काढलेत. दिवे लावणारी मंडळी वेगळी असतात.

सिल्व्हिओ : म्हणजे मघापासून आपण बंद कम्प्युटर ऐकतोय.

ग्लेनिस : आणि तो नापास होतोय.

क्लाइव्ह : मग हे वाजतंय काय?

ग्लेनिस : बस जरा. घाम पूस.

क्लाइव्ह : नाही, पण वाजतंय ना. आत्ताही वाजतंय. बंद वस्तूतून कसं वाजेल?

सिल्व्हिओ : साखरेच्या मिलमध्ये तू सेंट्रिफ्यूगलवर होतास ना?

क्लाइव्ह : शेवटपर्यंत. साखर मळीपासून वेगळी करायची, सबंध गळीत हंगाम तेच. तुला माहिती आहे की.

सिल्व्हिओ : ते यंत्र पूर्ण वेगात आलं की कसं वाजायचं?

क्लाइव्ह : कसं म्हणजे? चढत जायचं आणि मग एका जागी टिकायचं.

सिल्व्हिओ : टिकल्यावर कसं वाजायचं? काढून दाखव.

क्लाइव्ह : ईईईई.

सिल्व्हिओ : मघाशी हाच काढला होतास. केसाचाही फरक नाही.

क्लाइव्ह : पण मिल सोडून किती हंगाम झाले.

सिल्व्हिओ : माझ्या थोरल्या भावाचंही तसंच होतं. तो ऊस पिळणाऱ्या रोलरवर होता, त्याच्या कानातला आवाज खालचा, जाडा. दोन स्टेशनांच्या मधे रेडिओ लावून झोपायचा. म्हणायचा, खरखरीत तो दबतो. शांत झालं की वर येतो.

क्लाइव्ह : शांत झालं की.

सिल्व्हिओ : हो.

क्लाइव्ह : म्हणजे मी एकेक पंखा बदलत गेलो...

ग्लेनिस : दर पंख्यानंतर तू म्हणायचास, आता अजूनच स्पष्ट येतोय. मला वाटायचं, तू पंख्यांचं म्हणतोयस.

क्लाइव्ह : मलाही तेच वाटायचं.

सिल्व्हिओ : मी बाहेर जाऊन खटका वर करतो. माझी फी गरम होतेय.

ग्लेनिस : पहिला पंखा कुठे आहे? तो घरघरणारा?

क्लाइव्ह : शेडमध्ये, खोक्यात. त्यात पालीनं अंडी घातलीत.

ग्लेनिस : मग दुसरा बसव. तोही बरा वाजायचा.

क्लाइव्ह : आणि तुझी दुपारची झोप?

ग्लेनिस : तू क्रिकेट लावतोस त्या आवाजात मी झोपतेच की. पंखा लाव, आणि या खेपेला टाउन्सव्हिलला जायचं. गाडी मी चालवते.

क्लाइव्ह : फ्रिज सुरू झाला.

ग्लेनिस : हो. बरं वाटतंय का?

क्लाइव्ह : थोडं. ग्लेनिस, गेल्या रविवारी टिली शेवटी काहीतरी विचारत होती. काय विचारत होती?

ग्लेनिस : तू हसलास की तेव्हा.

क्लाइव्ह : कळलं नाही की मी हसतो.

ग्लेनिस : विचारत होती, नाताळला तुम्ही दोघं पर्थला येणार का.

क्लाइव्ह : आणि मी नुसता हसलो.

ग्लेनिस : ती धावत आईकडे गेली. म्हणाली, आजोबा हो म्हणाले.