व्हर्नाला न पडलेलं मत

—मान हलवू नको, लॉईड, हातात वस्तरा आहे. आणि आरशातून असा बघत बसू नकोस माझ्याकडं. मी काय विचारलं तुला? साधं विचारलं, कुणाजवळ बोललास का? आता तोंडाला साबण आहे, तुला बोलता येत नाही, हे कळतं मला. मग बोलू नको. मीच बोलतो. सकाळपासून कामात लक्ष नाही, दोन गिऱ्हाइकं उद्या या म्हणून परत पाठवली. तुला मात्र बसवलं. का बसवलं? तुला सगळं माहीत आहे म्हणून. माहीत असलेल्यासमोर माणूस जरा मोकळा बसतो.

तिकडं कोर्टात आत्ता गोट्या काढत असतील बघ. आकडे घातलेल्या गोट्या — एक माझी बायको काढणार, एक तो क्लिंगर काढणार, ज्याचा आकडा लहान तो जिंकला. झालं! अख्खा हिवाळा व्हर्ना बर्फ तुडवत दारोदार हिंडली. कशासाठी? त्या ओढ्यावरच्या पुलासाठी. पूल बंद पडला तेव्हापासून शाळेची बस डोंगराला वळसा घालून जाते, आणि क्लिंगर गावसमितीत बसून नुसत्या जांभया देतो. ही जागा मिळाली तर आधी पूल, बाकी सगळं मागून, असं सांगत फिरली ती. आणि शेवटी काय, तर डब्यातली गोटी! त्याला जेवढी मतं तेवढीच हिला. एक जास्त हवं होतं, लॉईड. एकच. आणि ते कुणाचं — हसू नको रे, कापेल.

लोक म्हणतात, नोव्हेंबर आहे ना अजून, खरी निवडणूक तेव्हा. कसला नोव्हेंबर? आपल्या खोऱ्यात गावसमितीला त्या दुसऱ्या पक्षाचा, गाढववाल्यांचा, माणूस शेवटचा कधी उभा राहिला, आठवतं तुला? मला तर नाही आठवत. आपल्या हत्तीवाल्यांनी मेमध्ये पक्षातल्या पक्षात मतं घेऊन ज्याला उमेदवार निवडलं, तोच बसतो. लग्न मेमध्येच लागतं, नोव्हेंबरात नुसती वरात! आणि त्या लग्नाला मलाच मांडवाबाहेर उभं केलं. कुणी? माझ्याच शहाणपणानं. नाही — त्या क्लिंगरनं. याच खुर्चीत बसला होता गेल्या साली. म्हणाला, नॉर्बर्ट, जरा अक्कल चालव, आपल्या पक्षात आपला आमदार बिनविरोध आहे, मेमधलं तुझं मत वायाच जायचं. त्यापेक्षा तुझं नाव गाढववाल्यांत नोंदव, आणि त्यांच्यातला सगळ्यात लेचापेचा गडी निवडून दे, म्हणजे नोव्हेंबरात आपला माणूस त्याला लोळवील. आम्ही पाच-सहा जण गेलो की हुशारी करायला! आणि तो लेचापेचा काय झाला? तोच आमदार झाला! आपलेच दात, आपलेच ओठ. बाकीचे गुपचूप परत आले, नावं फिरवून घेतली. माझं राहिलं.

का राहिलं विचार ना. अरे, नोव्हेंबरात कुणी विचारतच नाही! नोव्हेंबरात हत्ती असो, गाढव असो, सगळ्यांना एकच कागद, कुणाच्याही नावापुढं खूण करा. मी गेलो, आपल्या माणसापुढं खूण केली, घरी येऊन झोपलो. मला वाटलं, आहे मी आपल्यातलाच. मन इकडं असलं की नाव पण इकडंच असणार, असं वाटतं माणसाला. मेमध्ये मात्र हत्तीवाल्यांना हत्तींचा कागद, गाढववाल्यांना गाढवांचा. आणि नाव फिरवायचं तर पंधरा दिवस आधी. तोवर मी काय करत होतो? व्हर्नाच्या पाट्या ठोकत होतो रस्त्याकडेला.

मग तो मतदानाचा दिवस. बंबखान्यात तू मतदारांची यादी घेऊन टेबलाशी, बायका सूप विकतायत, मागं रांगेत पाद्रीबाबा — आणि तू चष्मा खाली ओढून म्हणालास, नॉर्बर्ट, तू तर तिकडचा. हळू म्हणालास, ते उपकार आहेतच तुझे. तिकडचा कागद घे म्हणालास. घेऊन काय करू? त्यावर व्हर्नाचं नाव हातानं लिहिलं असतं, तरी ते गाढवांच्या बेरजेत, इकडं तिला काय उपयोग? टेबलाच्या कडेला ती गुंडाळी होती ना, ‘मी मत दिलं’वाल्या चिकट्यांची? त्यातली एक फाडली, छातीवर लावली आणि बाहेर आलो. तू बघितलंस का ते? बघितलंस. बाहेर ती पाटी धरून उभी होती. दिलंस? म्हणाली. दिलं म्हटलं. आणखी काय म्हणू? एवढ्या माणसांत!

आता नाव फिरवून घेतलंय मी, परवाच. आज गोटी हिच्या बाजूनं निघाली, की नोव्हेंबरात तिला मत देईनच की, तेव्हा कोण कुणाला विचारतो! सगळं धुऊन निघेल. तू तेवढा गप्प राहा, लॉईड, म्हणजे — काय? थांब, साबण पुसतो. आता बोल.

कुणाला सांगितलंस? व्हर्नाला? ...कधी?

त्याच दुपारी? सूप घ्यायला आली तेव्हा? तिनं आपण होऊन विचारलं? ...हां, हसत विचारलं असेल, आमचे हे देऊन गेले ना म्हणून. आणि तू शपथ घेऊन टेबलाशी बसलेला, तुला खोटं बोलवेना. हो, तू कसा बोलणार.

म्हणजे त्या दिवसापासून तिला... अरे, त्या रात्री जेवताना मी सांगत होतो तिला, पेन कसं दाबून धरलं, खूण कशी काळीकुट्ट केली, सगळ्यांत आधी तुझंच नाव शोधलं म्हणून. ती बटाटे वाढत होती. आणखी घे म्हणाली. मतं सारखी पडल्याचं कळलं, तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. लोक तिला म्हणत होते, एकानं घात केला बघ व्हर्ना, घरात बसलेल्या कुणा एकानं — आणि ती, असू दे, असू दे म्हणत होती. आज सकाळी मी कोट चढवला, तिच्याबरोबर कोर्टात जायला. तर म्हणाली, नको, नॉर्बर्ट, तू दुकान उघड.

फोन वाजतोय. ऐकू येतंय मला. तिचाच आहे, नंबर दिसतोय की. तू उचल. नको, नको, राहू दे. जिंकली तरी काय म्हणू, हरली तरी काय म्हणू?

ऊठ, लॉईड. राहू दे अर्धी, घरी करून घे. पैसे ठेव खिशात. टोपी घे, आणि जा. जा म्हटलं ना.