पूजाच्या सेंटाचा निकाल

सेंटावरून आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या, ते सांगितलं का तुमाला? माझी नणंद पूजा हिंगोलीला कॉलेजात जाते. तिथं सगळ्या पोरी लावतेत तेच गोड वासाचं सेंट तिनं आणलं. मला तर लई आवडलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मात्र नाकाला पदर लावून म्हणल्या, "ह्याला काय सेंट म्हणतेत व्हय? पोरगी हाये का गुळाची ढेप? माशा बसतील अंगावर. परत करून ये."

पूजा रडकुंडीला आली. शेवटी ठरलं, मामा, म्हणजे माझे सासरे, शेतातून आल्यावर म्हणतील ते खरं.

मामा आले. उंबऱ्यातच थांबले, वास घेतला अन् गालात हसले. हातपाय धुऊन सरळ जेवायलाच बसले.

पूजा म्हणली, "बापू, कसाय वास? सांगा की."

"आधी वाढा. खाल्ल्याबिगर कसं सांगू?"

मी पिठलं-भाकर वाढली. त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग गॅसकडं पाहिलं. "अन् पुरण कुठंय?"

आमी पदरात तोंड घालून हसून राहिलो. पण आत्याबाईंना त्यांचं उतरलेलं तोंड बघवेना. गुपचूप उठल्या अन् हरभऱ्याची डाळ शिजत घातली.

आता शेतात निघताना मामाच रोज विचारतेत, "पूजे, आज सेंट लावलं न्हाई काहून?"