वाघझरीच्या चढावरची ठकठक

ऐका. शेकोटीला जरा जवळ सरा, आणि मधेच कुणी उठू नका. ही गोष्ट मला रवळूनं स्वतः सांगितली आहे, खाली मान घालून. त्यामुळं इकडून तिकडून ऐकलेली नाही.

दिवेलागण होऊन गेली होती. रवळू आपली जुनी पिकअप घेऊन तालुक्याच्या गावातून निघाला. एकटाच. मागचा हौदा रिकामा. मार्गशीर्षातली थंडी. जवळची वाट वाघझरीच्या चढावरून. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता.

गाडी सकाळपासून दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजात होती. सायलेन्सर बदलायला. नुसता डबा नाही बरं का, इंजिनापासून शेपटापर्यंत सगळा पाइप. जुना इतका गंजलेला की बोल्ट पान्याला दाद देईनात. मिस्त्रीनं गॅसनं तापवून कापले. मग नवा पाइप घातला, नवी पॅकिंग, पाइप टांगायची नवी रबरं. गाडी सुरू केली तर चालू आहे का बंद, हात लावून बघावं लागावं. आठवते ना ती गाडी? पलीकडच्या वाडीत असली तरी इथं कळायचं, रवळू आला म्हणून.

मिस्त्रीनं जुना पाइप पायानं उलटा केला. बरोबर हौद्याखाली दोन बोटं जातील एवढं भोक. वरचा हौद्याचा पत्राही तिथंच कुजलेला. मिस्त्री बघत राहिला. म्हणाला, "रवळू, धूर सगळा वर हौद्यात येत हुता. मागं कोन बसत न्हवतं न्हवं?"

रवळू म्हणाला, "न्हाई."

खोटं बोलला.

पंधरा दिवसांमागची गोष्ट. बाजारचा दिवस होता. तायाक्का, बांबूची सुपं-टोपल्या विणायची ती म्हातारी बुरडीण, हातात चार उरलेली सुपं घेऊन उभी. घरापर्यंत सोड म्हणाली. पुढच्या सीटवर कुणाच्या तरी लग्नाचा मोठा आरसा ठेवलेला. फुटला तर? म्हणून रवळूनं आक्काला मागं बसवलं. म्हातारं माणूस, वारं लागू नये, म्हणून त्यानंच ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली. मायेनंच बांधली हो. पण पाइप फुटलाय हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. ऐन हंगामात गाडी एक दिवस उभी कशी ठेवायची, म्हणून आज करू, उद्या करू चाललेलं.

वाघझरीचा चढ लागला आणि मागनं आवाज आला. ठक. ठक. ठक. त्या फुटक्या पाइपाच्या गोंगाटात बारीक आवाज. रवळूला वाटलं, सायलेन्सर सैल झालाय, तोच वाजतोय. तसाच पुढं गेला. माथ्यावरच्या देवळापाशी आवाज थांबला. त्याला बरंच वाटलं.

आक्काच्या घरापाशी येऊन ताडपत्री सोडली. आक्का गेलेली.

वय झालं होतं, डॉक्टरही म्हणाले हृदय थांबलं. सगळ्यांना पटलं. पण रवळूनं दिवा धरून बघितलं होतं. आक्काच्या नाकाशी काजळी होती. आणि केबिनच्या मागच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, काजळीत बोटं उमटलेली. माणसं जमायच्या आत त्यानं ती काच टॉवेलनं पुसली. एवढं सगळं पोटात ठेवून तो त्या रात्री वाघझरीला लागला. ऐकताय ना?

पहिल्या वळणाशी आवाज आला. ठक. ठक. ठक.

रवळूनं गाडी थांबवली. नवं रबर सुटलं असेल. हातातली बॅटरी लावून खाली वाकला, पाइप हलवून बघितला. बोटं भाजली, पण पाइप तसूभर हलला नाही. सगळं घट्ट. तो उठला, गाडीत बसला, निघाला.

ठक. ठक. ठक. आता खालनं नाही. मागच्या काचेवर. मानेच्या मागं वीतभर.

मागं बघायचं नाही, हे आपल्याकडं पोरालाही ठाऊक. त्यानं बघितलं नाही. गाडीच्या आरशात मात्र नजर गेलीच. स्वच्छ काच हळूहळू काळी होत चाललेली, आणि त्या काळ्यात पाच रेघा वरून खाली ओढल्यासारख्या. मग गाडी जड झाली. रिकामी गाडी बरं का! पहिल्या गिअरात घातली तरी चढेना, जणू हौद्यात दगड भरलेत. आणि आवाज आला, अगदी साधा, बाजारात हाक मारावी तसा.

"रवळू, जरा थांब की रं."

त्यानं ओ दिली नाही. पाय दाबला. तसा केबिनमध्ये धूर यायला लागला. नवा पाइप, नवी पॅकिंग, आणि पायाखालनं धूर! काच खाली करायला गेला तर काच उतरेना. डोळे चुरचुरले, मग जड झाले. झोप अशी गोड आली म्हणे, आईच्या मांडीवर यावी तशी. डोकं स्टेअरिंगवर टेकायला लागलं. समोर दिव्यांच्या उजेडात रस्ता सरळ, रुंद, पांढरा. वाघझरीला सरळ रस्ता कुठं आहे? तुम्हीच सांगा. पण त्याला दिसत होता, आणि गाडी आपसूक तिकडं चाललेली.

तिसऱ्यांदा ठोठावलं. आता हळू. हात थकल्यासारखं.

तेवढ्यानं रवळूच्या काळजाला हात घातला. आक्काचाही हात असाच थकला असेल, असं त्याच्या मनात आलं. मरायचं तर मरू, पण आज थांबायचं. त्यानं होता नव्हता तो जोर लावून ब्रेक दाबला, गाडी बंद केली, दार खांद्यानं ढकललं आणि खाली पडला.

उठून मागं गेला. आणि बघतो तर हौद्यावर ताडपत्री. घडी करून सीटमागं ठेवलेली ताडपत्री, चारी बाजूंनी आवळून बांधलेली. गाठी त्याच्याच हातच्या. भाजलेल्या बोटांनी त्यानं एकेक गाठ सोडली. नखं निघाली, पण सोडली. सोडता सोडता बोलत होता.

"आक्का, मी ऐकलं हुतं. पाइप वाजतोय म्हनून म्होरं गेलो. मला ठावं हुतं तो फुटलाय."

शेवटची गाठ सुटली. आत कुणी नव्हतं. नुसता धूर बाहेर आला, ऊन-ऊन, माणसाच्या अंगासारखा, आणि त्याच्या तोंडावरून दरीकडं गेला. ओल्या बांबूचा वास आला.

मग तो पुढं आला. गाडीचं पुढचं डावं चाक अर्धं दरीवर. खाली काळोख. अजून हातभर गेली असती, तर ही गोष्ट मला सांगायला कोण होतं? आता आक्का त्याला दरीत नेत होती का थांबवत होती, ते मला विचारू नका. रवळूलाही कळलेलं नाही.

गाडी तिथंच ठेवून तो चालत गावात आला. घरी गेला नाही. पहाटेपर्यंत आक्काची लेक शेवंता, तिच्या दारात बसून राहिला. तिनं दार उघडलं तसं सगळं सांगितलं. भोक, ताडपत्री, पुसलेली काच. शिव्या देईल, मारेल, असं त्याला वाटलं होतं. ती उंबऱ्यावर बसली. एवढंच विचारलं, "किती वेळ वाजवत हुती?"

रवळू म्हणाला, "चढ लागल्यापासनं देवळापातुर."

शेवंतानं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. त्यानंतर आजवर ती त्याच्याशी बोललेली नाही.

तेव्हा पोरांनो, दिवस बुडाल्यावर वाघझरीनं जाऊ नका. बैलगाडी असो, फटफटी असो, लांबच्या वाटेनं या. रवळूही लांबनंच येतो. आणि कुठल्याही वाटेला, मागनं ठकठक आली, तर आधी उतरून बघा.