टापेट कव्हरचा नट

— न्हाई न्हाई, तिकडं न्हाई, सीटखाली हाय इंजिन. या व्हॅनचं असंच हाय, डायवर बसतो त्याच्या बुडाखाली सगळी भट्टी. सीट अशी उलटी पाडली की दिसतंय बगा — ते झाकन, त्याला म्हनायचं टापेट कव्हर. नि त्याच्या कडंनं रबराची पट्टी बसती ती पॅकिंग. ती कडक झाली की आईल झिरपतंय, तापलेल्या सायलेन्सरवर पडतंय, नि मग गाडीत नुस्ता धूर. अर्ध्या तासाचं काम हाय, जावईबापू. घड्याळ कावून बगताय सारखं? ऊसतोडीच्या टोळीची ट्रक चार वाजता फाट्यावर येनार, मला म्हाईत हाय. हे बसलं की दोघांलाबी सोडतो की. शिवकन्या आत बोचकं बांधतीय, बांधू द्या तिला. तुमी हा पाना धरा. तसं जावयाला कुनी हात काळे करायला लावीत न्हाई, तुमची सासू आसती तर माझ्या डोक्यात लाटनं घातलं आसतं — पर आता घरात मीच एकटा गडी, काय करता.

नट त्या झाकनात ठेवा. दुधाच्या कॅनचं हाय ते. धा वर्सं वाहिलं या गाडीनं सोसायटीचं दूध, येक दिवस खाडा न्हाई. मग दोन पावसाळे कोरडे गेले, जनावरं गेली चारा छावनीला, दूध आटलं, सोसायटीला कुलूप. आता मागं टाकी ठिवून पानी वाहतो वस्तीवर. गाडी तीच, रस्ता तोच — नुस्ता वास गेला दुधाचा. हे बगा, ही कड राकेलनं पुसायची. जुनं रबर नखानं खरवडायचं, जरा कन ऱ्हायला तरी गळतंय. घाई करून चालत न्हाई यात. तुमालाच काय म्हनू? मला बी आदी कळत नव्हतं. मी लई शाना. दुकानातली पॅकिंग आनायला बीडला कोन जाईल, म्हनून ट्रकची जुनी ट्यूब घेतली, कात्रीनं कापली, बसवली. गावात दाखवत फिरलो, बगा म्हनलं, फुकटात काम. कुनी सांगितलं न्हाई की आईल लागलं की ट्यूबचं रबर फुगतंय, कनकीवानी मऊ पडतंय. तीन म्हैने निभलं. मग त्या दिवशी... वाजला का हार्न? न्हाई, टँकर आसंल. चार कुठं वाजलेत अजून.

आता नवी बसवू. अशी. आवळायची बी रीत हाय — एकदम न्हाई पिळायचं. हिकडचा थोडा, मग समोरचा थोडा, मग पुना हिकडचा. जास्ती जोर केला की पॅकिंग चेपती नि तिथूनच गळाया लागती. हां, तसं. हलक्या हातानं... आं? एक नट कमी हाय? आत्ताच तर व्हता. तुमच्याच हाताखाली व्हता की वो. बगा खाली, धुळीत गेला आसंल. वाका जरा. माझं गुडघं वाकत न्हाईत. त्याच्याबिगर चालत न्हाई, न्हाई न्हाई, एकानं काय व्हतंय म्हनू नका — एकाच जागेवरनं समदं आईल गेलं व्हतं त्या दिवशी.

तुमचा फोन आला सकाळी, शिवकन्याला सातवा म्हैना हाय नि अंगावरनं जातंय म्हनून. मी तसाच निघालो, अंगात कुडतं बी उलटं घातलेलं. माजलगावपस्तोर, तुमच्या उसाच्या फडावर जायचं नि तेलगावच्या अलीकडंच धूर निघाया लागला. मी थांबलो न्हाई. थांबलो आसतो, आईल टाकलं आसतं, तर पोचलो आसतो. पर मला वाटलं, पोरगी वाट बगतीय, दामटा. इंजिन जाम झालं. भर दुपारी, रस्त्याच्या कडंला, मी नि ही गाडी. हात करून करून ट्रॅक्टर मिळाला एक, उसाचा. त्या चालीनं आलो तुमच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीपशी. तवर झालं व्हतं. तुमी पोतं अंथरलं व्हतं बाहेर, त्याच्यावर बसला व्हता, फडक्यात गुंडाळलेलं घेऊन. मी तोंड बी बगितलं न्हाई त्याचं. पोरगा व्हता ना?

सापडला? न्हाई? चाकाखाली बगा.

एक सांगतो, वर बगू नका, तसंच बगत ऱ्हावा खाली. मी गावात सांगितलं, जावयानं येळंवर गाडी केली न्हाई म्हनून. समदे तेच म्हनत्यात अजून. खोटं हाय ते. तुमी मुकादमाची जीप आनली व्हती दारात, मला म्हाईत हाय. तीच बसली न्हाई जीपमधी. म्हनली, आबा निघालेत, आबाच्या गाडीत जाते. चार घंटे बसली माझ्या गाडीची वाट बगत. तुमी वाईट मानूस न्हाईत, जावई. मीच दिली तुमाला. कोयता म्हंजी दोन मानसं, नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन घेतो — तुमाला जोडी पायजे व्हती, नि मला वाटलं, सुटलो. टोळी निघायच्या आदी आठ दिसांत हळद लावली. धाव्वीची पुस्तकं तिची तशीच हायत फळीवर, कोरी.

हां, हा मातर हार्नच हाय. ट्रकचाच. उठू नका. नट सापडल्याबिगर कशी चालू व्हईल गाडी? बसा. बसा म्हनलो ना. मुकादम तीनदा वाजवतो, मग थांबत न्हाई. हा दुसरा. पळत गेला तरी फाटा दोन मैल हाय.

तिसरा.

गेली ट्रक. ऱ्हाऊ द्या आता, धुळीत हात घालू नका. हा घ्या. माझ्या खिशात हाय दुपारधरनं. जाम झालेलं इंजिन मागंच दुरुस्त करून घेतलं, पॅकिंग बी मी कालच बसवली, दुकानातली, चांगली. चालू करून बगितली, थेंब गळाला न्हाई. आवाज ऐकून शिवकन्या चुलीपसनं उठून आली. नऊ म्हैने झाले, या गाडीकडं बगत नव्हती ती. दारात उभी ऱ्हायली नि म्हनली, आबा, उद्या ही चालू व्हाया नको. बास, येवढंच. मग आज तुमी येताना दिसला नि मी पुना खोलली. त्या दिवशी पोरीला ही गाडी चालाया पायजे व्हती, तवा माझ्यापायी चालली न्हाई. आज बंद ऱ्हाऊ द्या म्हनली, तर येवढं तरी करावं का न्हाई मी?

आत जाऊ नका. बोचकं बांधलेलं न्हाई तिनं, आतनं कडी हाय. साडेचारची यष्टी धरा, टोळी बीडला जेवाया थांबती, तिथं गाठताल. मुकादमाला माझं नाव सांगा, म्हातारा खोटारडा निघाला म्हना. गावात मी सांगतो खरं काय ते.

हात पुसा तेवढे. नि पाना ठिवा खाली.